न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल: गाडी चांगली, करार नेहमीच उशिरा

एडिसन-इझेलिन भागात नव्याने राहायला येणारी मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. ऑफिस मॅनहॅटनला आहे, रोज कार घेऊन जायचं नाही, तर न्यू जर्सी ट्रान्झिटच्या लोकलवर विसंबून इथे घर घ्यावं का? घ्या, असंच मी सांगतो. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगतो आणि तिथे बहुतेकांचा चेहरा कोरा होतो. घर घेण्याआधी शाळा बघता, प्रॉपर्टी टॅक्स बघता, तसं या रेल्वेच्या चालकांचा पगाराचा करार कुठवर आलाय तेही बघा. ही सेवा किती भरवशाची आहे ते वेळापत्रकापेक्षा त्या करारावरून जास्त कळतं.

माझे बाबा मध्य रेल्वेवर मोटरमन होते, कल्याणला. साइन ऑन, लिंक, रनिंग अलाउन्स हे शब्द आमच्या घरात रोज कानावर पडायचे. कितव्या तारखेला कुठली ड्युटी, रेस्ट किती तास मिळाली, यावर घराचं जेवण आणि झोप ठरायची. त्यामुळे गाडी फलाटावर शिरली की माझी नजर आधी पुढच्या काचेकडे जाते. आत बसलेला माणूस किती वाजता उठून आला असेल, हे मनात येतंच.

आधी गाडीविषयी. मी वापरतो ती नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइन, ट्रेंटन ते न्यूयॉर्क पेन स्टेशन. आपल्या लोकांच्या कामाची स्टेशनं म्हणजे प्रिन्स्टन जंक्शन, न्यू ब्रन्सविक, एडिसन, मेटचेन आणि मेट्रोपार्क. ओक ट्री रोडला राहणाऱ्यांना मेट्रोपार्क सोयीचं, तिथे गाड्याही जास्त थांबतात. एडिसनला थांबणाऱ्या गाड्या कमी, पण स्टेशन छोटं आणि सुटसुटीत. डबे दोन प्रकारचे मिळतात. दुमजली डब्यात दोन-दोनची आसनं असतात, वरच्या मजल्यावर खिडकीशी जागा मिळाली की प्रवास फार सुखाचा होतो. जुने ॲरो डबे 1970च्या दशकातले, त्यात एका बाजूला तीन आसनं, आणि मधल्या आसनावर कुणीच खुशीने बसत नाही. सकाळच्या गाडीत शांत डबा मिळाला तर तोच धरा.

कंडक्टर लोकांचं काम बघण्यासारखं असतं. तिकीट बघायचं, पंच करायचं, समोरच्या आसनाच्या पाठीला कागदाची चिठ्ठी खोचायची. त्या चिठ्ठीच्या भोकांवरून त्यांना कळतं की हा माणूस कुठे उतरणार. पुढच्या स्टेशनवर गर्दी चढली तरी पुन्हा तेच तिकीट विचारत नाहीत. झोपलेल्या माणसाला त्याच्या स्टेशनआधी खांद्याला हात लावून उठवणारे कंडक्टर मी पाहिले आहेत. या मंडळींना माझ्याकडून पाचपैकी पाच.

उशीर होतो का? होतो. पण कुठला उशीर कुणाच्या खात्यावर टाकायचा हे नीट समजून घ्या. या मार्गाचे रूळ, वरच्या विजेच्या तारा आणि सिग्नल ॲमट्रॅक या लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय रेल्वे कंपनीच्या मालकीचे आहेत, न्यू जर्सी ट्रान्झिट तिथे भाडेकरू. हॅकन्सॅक नदीवरचा पोर्टल पूल 1910 सालचा, बोटीला वाट देण्यासाठी आडवा फिरणारा, आणि कधी कधी फिरल्यावर परत जागेवर न बसणारा. हडसनखालचे दोन्ही बोगदेही 1910चेच, त्यात 2012च्या सॅंडी वादळात खारं पाणी शिरलं होतं. जून 2024मध्ये तारा तुटून जे हाल झाले त्याच्या बातम्या सगळीकडे आल्या होत्या. त्याच वर्षी 1 जुलैला भाडं 15 टक्क्यांनी वाढलं, आणि 1 जुलै 2025पासून दर वर्षी 3 टक्के वाढ ठरलेली आहे. ऑगस्टअखेर आठवडाभर प्रवास मोफत ठेवला, ते चांगलं केलं. पूल, बोगदे आणि तारा यांना पैसा आणि वर्षं लागणार. नवा पोर्टल पूल बांधायला घेतला, नवे बोगदेही होतील. ते दुखणं जुनं असलं तरी त्यावर उपचार चालू आहेत.

माझी खरी तक्रार चालकांच्या कराराबद्दल आहे.

16 मे 2025च्या मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने या रेल्वेचे सुमारे 450 चालक संपावर गेले. सगळ्या लाइन बंद. त्यांची संघटना ब्रदरहुड ऑफ लोकोमोटिव्ह इंजिनिअर्स अँड ट्रेनमेन, 1863 साली सुरू झालेली, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कामगार संघटनांपैकी एक. 15 आणि 16 मेला मेटलाइफ स्टेडियमवर गायिका शकिराचे कार्यक्रम होते, तिथली वाहतूक तर संपाच्या आधीच्या रात्रीच रद्द झालेली. ज्यांना जमेल त्यांनी घरून काम करावं असं न्यू जर्सी ट्रान्झिटने आधीच सांगितलं होतं, म्हणून मी घरीच होतो. सोमवारपासून हॅमिल्टन, सिकॉकस, वुडब्रिज सेंटर मॉल आणि पीएनसी आर्ट्स सेंटर इथून भाड्याच्या बस सोडायचं ठरलं होतं, पण त्या सगळ्या मिळून रेल्वेच्या साधारण वीस टक्केच प्रवाशांना पुरतील हेही प्रशासनाने स्वतःच जाहीर केलं होतं. रविवारी 18 तारखेला संध्याकाळी तडजोड झाली. गाड्या सुरू झाल्या त्या मंगळवारी 20 तारखेला, कारण बंद पडलेले रूळ आणि डबे तपासल्याशिवाय माणसं बसवता येत नाहीत.

मी हे बाबांना फोनवर सांगत होतो. त्यांनी पहिलंच विचारलं, "अरे, करार कधीपासून थकलाय?"

2019पासून, म्हटलं.

पलीकडे काही वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "म्हणजे कोविडमध्ये गाड्या चालवल्या त्या जुन्याच पगारावर?"

हो. तेच. साथ आली, महागाई वाढली, घरभाडी कुठच्या कुठे गेली, आणि गाडी चालवणाऱ्याचा तासाचा दर 2019च्याच करारावर अडकून राहिला. हे कायद्याने होऊ कसं शकतं, असं कुणालाही वाटेल. तर इथे 1926चा रेल्वे लेबर ॲक्ट लागू आहे. त्या कायद्याखाली रेल्वेचा करार तारीख उलटली म्हणून संपत नाही. त्याच अटी पुढे चालू राहतात, कायद्याने घातलेल्या सगळ्या पायऱ्या संपेपर्यंत कुणी संप करायचा नाही, कुणी अटी बदलायच्या नाहीत. वाटाघाटी, मग वॉशिंग्टनच्या नॅशनल मीडिएशन बोर्डाची मध्यस्थी, लवादाला नकार दिला की तीस दिवसांची मुदत. उपनगरी रेल्वेसाठी त्यापुढे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं, वाद तपासून अहवाल देणारं आणीबाणी मंडळ, तेही एकदा नाही तर दोनदा, आणि प्रत्येकाला एकशेवीस दिवस. या भांडणात पहिलं मंडळ जुलै 2024मध्ये बसलं, दुसरं जानेवारी 2025मध्ये. गाड्या अचानक बंद पडू नयेत हा या रचनेचा हेतू आहे आणि तो मला मान्य आहे. पण ज्या बाजूला घाई नाही, तिला हा कायदा वर्षानुवर्षं बसून राहू देतो. आणि घाई नसणारी बाजू जवळजवळ नेहमी व्यवस्थापनाची असते, कारण जुना दर त्यांच्या सोयीचा असतो.

सरकारी नोकरांना संप करता येतो का, हा प्रश्न इथले मराठी मित्र हटकून काढतात. न्यू जर्सीत राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना तो हक्क नाही. रेल्वेवाल्यांना आहे, आणि त्यामागे न्यूयॉर्कची एक केस आहे. लाँग आयलंड रेल रोड राज्याच्या मालकीची झाल्यावर तिथल्या कामगारांना राज्याचा संपबंदी कायदा लागतो की केंद्राचा रेल्वे कायदा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 1982मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की मालक राज्य असलं तरी रेल्वे ती रेल्वेच, केंद्राचा कायदा लागणार. पुढच्याच वर्षी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. 1 जानेवारी 1983ला कॉनरेल या तेव्हाच्या सरकारी रेल्वे कंपनीने उपनगरी गाड्या चालवणं सोडलं आणि त्या न्यू जर्सी ट्रान्झिट, न्यूयॉर्कची मेट्रो-नॉर्थ आणि फिलाडेल्फियाच्या सेप्टाकडे आल्या. नव्या मालकांना जुने नियम नको होते, कामगारांना ते सोडायचे नव्हते. तिन्हीकडे संप झाले. न्यू जर्सीतला महिनाभराहून जास्त चालला, सेप्टाचा तर साडेतीन महिने. त्यानंतर न्यू जर्सीत रेल्वेचा संप झाला तो थेट 2025मध्ये.

मधली बेचाळीस वर्षं सगळं सुरळीत होतं असं मात्र समजू नका. 2011मध्ये मुदत उलटलेला करार मार्च 2016पर्यंत लोंबकळत राहिला आणि संपाला एक-दोन दिवस उरले असताना मिटला. म्हणजे एकदा पाच वर्षं, मग पुन्हा पाच वर्षं. ही सवयच पडली आहे, आणि माझ्या लेखी या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच.

जून 2022ची गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात नाही, ती मला फार बोलकी वाटते. जूनटीन्थची, म्हणजे गुलामगिरी संपल्याच्या आठवणीची, नवी सुट्टी आली आणि त्या दिवशी काम केल्याचा जादा पगार मिळणार की नाही यावरून वाद झाला. 17 जूनला, शुक्रवारी, इतके चालक गैरहजर राहिले की संध्याकाळपर्यंत गाड्या रद्द कराव्या लागल्या. न्यू जर्सी ट्रान्झिट फेडरल न्यायालयात गेली आणि काम थांबवायला मनाई करणारा तातडीचा आदेश घेऊन आली. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मुद्दा पक्का होता. नवा करार हवा असेल तर तो मोठा वाद, सगळ्या पायऱ्या संपल्या की त्यात संप करता येतो. चालू कराराचा अर्थ काय, सुट्टीचा पगार त्यात बसतो का, हा लहान वाद, तो लवादाकडेच न्यायचा, त्यासाठी गाडी थांबवता येत नाही. न्यायालयाने काम चालू ठेवायला लावलं, ते योग्यच. पण 2019लाच मुदत उलटलेल्या करारात त्यानंतर जन्मलेली सुट्टी शोधायला लागते, यातच सगळं आलं.

पगाराच्या आकड्यांवरून 2025मध्ये बरीच धुळवड झाली. न्यू जर्सी ट्रान्झिट म्हणायची, चालकांची सरासरी कमाई वर्षाला 1,35,000 डॉलर आहे. संघटना म्हणायची 1,13,000. माझ्या ऑफिसातही लोक म्हणत होते, एवढे पैसे मिळतात तरी संप कशाला? बाबांना आकडे वाचून दाखवले तर ते म्हणाले, "एकूण कमाई कशाला बघतोस? तासाचा दर विचार, आणि तेवढे तास काम करून घरी कधी येतो ते विचार." तासाचा दर होता 40 डॉलरच्या आसपास. संघटनेचं म्हणणं होतं की पेन स्टेशनच्या त्याच फलाटांवरून गाड्या नेणाऱ्या इतर रेल्वेंच्या चालकांपेक्षा हा दर ताशी निदान 10 डॉलरने कमी आहे. तिथे ॲमट्रॅक आहे, लाँग आयलंड रेल रोड आहे. माणूस शेजारच्या गाडीत चढला की पगार वाढतो, अशी ती परिस्थिती. मग तो चढतोच.

आणि तो गेला की प्रवाशाचं काय होतं ते बघा. नवा चालक तयार व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात. प्रत्येक सिग्नल, प्रत्येक वळण, प्रत्येक यार्ड पाठ व्हावं लागतं, त्यानंतरच परवाना मिळतो. 2018मध्ये चालक कमी पडल्यामुळे गाड्यांवर गाड्या रद्द झाल्या होत्या, राज्यभर गाजलेलं प्रकरण आहे ते. ॲपवर "रद्द" असं येतं तेव्हा आपल्याला ते त्या सकाळचं वाटतं. त्याचं मूळ दोन-तीन वर्षं आधीच्या पगाराच्या टेबलावर असतं. म्हणून मी म्हणतो की मासिक पास काढणाऱ्या प्रत्येकाचा या कराराशी संबंध आहे.

व्यवस्थापनाची अडचण खोटी होती असं मी म्हणणार नाही. मार्च 2025मध्ये एक तात्पुरता करार झाला होता, ताशी 49.82 डॉलरचा. एप्रिलमध्ये सभासदांनी तो 87 टक्के मतांनी फेटाळला. तोपर्यंत रेल्वेच्या बाकीच्या संघटनांशी करार झाले होते, आणि त्यांत अट अशी की चालकांना जास्त मिळालं तर आम्हालाही तेवढंच द्या. त्यामुळे चालकांना दिलेला प्रत्येक जादा डॉलर सगळ्यांच्या पगारात फिरतो, आणि तो हिशेब काही वर्षांत एक अब्ज डॉलरच्या पुढे जाईल असं मुख्याधिकारी क्रिस कोलुरी सांगत होते. भाडं पुन्हा वाढवावं लागेल, हेही ओघाने आलंच. ही भीती मला पटते. पण पाच वर्षं दर वर्षी थोडं थोडं दिलं असतं तर एकदम एवढा डोंगर उभा राहिला नसता, हेही तितकंच खरं. शेवटी जो करार झाला त्यात दर 50 डॉलरच्या घरात गेला, फेटाळलेल्या प्रस्तावापेक्षा वर, आणि जूनमध्ये सभासदांनी तो प्रचंड बहुमताने मंजूर केला. प्रवाशांच्या नजरेने मी त्या कराराला चांगले गुण देतो. शेजारच्या रेल्वेंशी असलेलं अंतर बरंच कमी झालं, म्हणजे शिकवून तयार केलेला माणूस आता टिकेल.

कायद्याच्या आणखी एका भांडणाचा उल्लेख करतो, कारण त्यातून या संस्थेचा स्वभाव कळतो. बस अपघाताच्या खटल्यांत न्यू जर्सी ट्रान्झिट असा बचाव घेत आली की आम्ही राज्य सरकारचाच भाग आहोत, तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयात आमच्यावर दावा चालणार नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये ते नाकारलं. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025मध्ये मान्य केलं. एकच संस्था, एका शेजारी राज्यात कंपनी आणि दुसऱ्यात सरकार! जुलै 2025मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणं सुनावणीला घेतली. मॅनहॅटनच्या रस्त्यावर या बसखाली सापडलेल्या माणसाला भरपाई मागता यावी की नाही, एवढा मोठा प्रश्न त्यात होता. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या सेवेने असा बचाव घ्यावा हे मला अजिबात आवडलेलं नाही.

मे 2010मध्ये मुंबईच्या मोटरमननी पगाराच्या मागण्यांसाठी गाड्या थांबवल्या होत्या, ते आठवत असेल. लोकांचे फार हाल झाले आणि दोन दिवसांत सगळं मिटलं. तेव्हा बाबांना ओळखीचे लोक रस्त्यात अडवून विचारायचे, तुमच्या लोकांना जराही दया नाही का? ते शांतपणे सांगायचे, की संपाचा दिवस सगळ्यांना दिसतो, त्याआधीचे अर्ज कुणाला दिसत नाहीत. इथे निदान ते अर्ज दिसतात. आणीबाणी मंडळांचे अहवाल सार्वजनिक असतात, दोन्ही बाजूंचे दावे त्यात तपासलेले असतात. वेळ काढून वाचा, रोज ज्या गाडीत बसतो तिच्याविषयी आहेत.

लाँग आयलंडला राहणाऱ्यांनी आपलं बरं आहे असं समजू नये. सप्टेंबर 2025मध्ये तिथेही पाच संघटना संपाच्या उंबरठ्यावर आल्या आणि त्यांनी स्वतःच राष्ट्राध्यक्षांकडे आणीबाणी मंडळ मागितलं.

तर माझा सल्ला. मॅनहॅटनला रोज जाणाऱ्यांनी ही सेवा बेलाशक घ्यावी. बोगद्याच्या रांगेत कारमध्ये बसण्यापेक्षा वरच्या मजल्यावरची खिडकी केव्हाही बरी. मेट्रोपार्कजवळ घर मिळालं तर उत्तम. ऑफिसातून घरून काम करायची मुभा लेखी घेऊन ठेवा आणि मॅनहॅटनच्या पोर्ट ऑथॉरिटी बस स्थानकाला जाणारी बस कुठून सुटते ते एकदा बघून ठेवा. चालकांचा आत्ताचा करार 2027 अखेरपर्यंतचा आहे, म्हणजे पुढच्या वाटाघाटींची वेळ दूर नाही. न्यू जर्सी ट्रान्झिटच्या संचालक मंडळाच्या बैठका खुल्या असतात, प्रवाशांना तिथे बोलता येतं. भाडेवाढीच्या वेळी लोक जातात, तसं करारासाठीही जायला हवं. मी जाणार आहे आणि एकच मागणी करणार आहे: या वेळी मुदत संपायच्या आत टेबलावर बसा. एडिसन-मेटचेनकडून कुणी बरोबर येणार असेल तर कळवा, गाडीनेच जाऊ.